तीस अंडी

शोरूम सांगलीत, विश्रामबागच्या पुढं.
टाय लावलेल्या पोरानं कागदी कपात चहा दिला
आणि पांढऱ्या पिकअपचं दार दोनदा उघडून मिटलं.
"आवाज ऐका," म्हणाला.
आवाज चांगला होता. जाड. पैशाचा.

साठ हप्ते.
ह्यांनी बोटांवर मोजले, मी अंड्यांवर:
एका हप्त्याला नऊशे ट्रे सुटले पाहिजेत,
तेही विट्याच्या माळावर कोंबड्यांनी मनावर घेतलं तर.
चैतात कोंबडी हप्ता ओळखत नाही.
चोच उघडून धापा टाकते, आणि बसते.

मी विचारलं, मागं अंड्यांचा ट्रे ठेवून फिरवाल का?
पोरगा हसला.
"मॅडम, टेस्ट ड्राइव्हला लोड अलाउड नाही."

जुनी पलूसला होती, लिंबाखाली.
तवनाप्पा चौगुल्यांची. अकरा वर्षं हळद वाहिलेली.
मीटर म्हणत होता एक लाख दहा हजार.
दस्तगीर मिस्त्रीनं मीटरकडं बघितलंच नाही.
"मीटर काय, माणूस शिकवंल तसं बोलतंय, वहिनी.
ब्रेकच्या पायडलाचं रबर बघा."
रबर गुळगुळीत.
मधोमध अंगठ्याएवढा खळगा.
तवनाप्पांनी आपला उजवा पाय
चपलेसकट जरा मागं घेतला.

मग ऑइलचं झाकण हुंगून झालं,
चॅसीवर पान्यानं टकटक झाली.
"गंजानं खाल्लीया थोडी. पण हाडं हाईत."

मी पिशवीतून ट्रे काढला.
तीस अंडी, पहाटेची, आमच्याच शेडमधली.
तवनाप्पा ट्रेकडं बघत राहिले.
घरातून त्यांच्या बायकोनं पडदा सरकवला, परत ओढला.
चुकलंच माझं. जैनाच्या गाडीत अंडी,
आधी विचारायला हवं होतं.
खाली बघत ते म्हणाले,
"विकायचीच आहे म्हटल्यावर…
फिरवतो. पण तुम्ही ठेवा, तुम्हीच उतरवा."

कुंडलपर्यंत मी हौद्यात बसले, ट्रेला हात न लावता.
कारखान्याकडं वळणारे उसाचे ट्रॅक्टर,
न रंगवलेले गतिरोधक,
आणि खड्डा मला दिसायच्या आत
गाडी आपोआप मंद व्हायची,
जशी काही वाट तिला आतून ठाऊक होती.
फळ्यांच्या फटीतली हळद माझ्या पदराला लागली.
अंडी सगळी शाबूत.

येताना हे बसले स्टिअरिंगवर.
चार फुटली.

तेव्हा कळलं,
मघाशी मी गाडी तपासलीच नव्हती,
एका माणसाचा पाय तपासला होता.
आणि तो काही व्यवहारात येणार नव्हता.

तरी मी म्हणाले, चार फुटली, चार हजार कमी करा.
तवनाप्पा पहिल्यांदा हसले.
"ती तर तुमच्या मालकांनी फोडली."
शेवटी दोन हजारांवर तुटलं.
किल्ली देताना एवढंच बोलले,
"मागं नाव आहे, 'सन्मती'.
माल भरायच्या आधी तेवढं पुसा."

पुसलं. रंगाचे दोन हात दिले.
पण संध्याकाळी ऊन तिरपं आलं
की 'स'चा काना अजून उठून दिसतो,
आणि मी गाडी वळवून लावायला सांगते.

पहिल्यांदा धुतली तेव्हा पिवळं पाणी
ओघळत शेडपर्यंत गेलं.
पूजेला आणलेली हळदीची पुडी तशीच राहिली कट्ट्यावर.

दस्तगीर म्हणतो रबर बदला, शंभराची तर गोष्ट.
हे म्हणतात, बदलू.
मी म्हणते, राहू दे सध्या.
वहीच्या शेवटच्या पानावर रोजची फूट लिहिते:
सोमवारी अकरा. मंगळवारी नऊ.
गुरुवारी पाऊण ट्रे, तेव्हा आम्ही जेवताना बोललो नाही.
काल पाच.

शोरूमचा पोरगा अजून फोन करतो.
मॅडम, ठरलं का काही?